मुलीच्या वेण्या आणि माझे सर

मुलगी तिसरीत होती त्या वर्षी तिच्या वेण्या मी घालत असे. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची शाळा यवतमाळकडच्या एका खेड्यात आणि माझी नोकरी पुण्यात, हिंजवडीच्या एका कंपनीत. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, वर्ष-दोन वर्षांत बदली होईल. बदलीचा अर्ज दर वर्षी जायचा, आणि दर वर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ असं उत्तर यायचं. मुलीला पुण्यात शिकवायचं हे आमचं दोघांचं आधीपासूनच ठरलं होतं. ती पहिलीत जाण्याच्या वेळेला बायको तिला घेऊन आली, आठवडाभर राहिली आणि बसमध्ये चढताना म्हणाली, “मी शिकवते त्या शाळेत माझीच पोरगी नको, असं म्हणायची मला लाज वाटते. पण राहू दे तिला इथंच.”

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहत होतो. कॉलेजात असताना याच भागात मी कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहिलो होतो, त्यामुळे गल्ल्या ओळखीच्या होत्या. माणसं मात्र ओळखीची झाली नव्हती. इमारतीत मला सगळे ‘तिसऱ्या मजल्यावरचे’ म्हणत. कंपनीत दिवसभर इंग्रजी. जेवणाच्या सुट्टीत मराठी बोलणारी मुलं भेटायची, पण ती एकमेकांच्या शाळा, एकमेकांचे मामा-काका यांच्याबद्दल बोलायची. माझ्या गावाकडच्या बोलीत माझ्याशी बोलणारं पुण्यात कुणी नव्हतं. त्यामुळे सकाळची वेण्यांची वेळ मला फार मोलाची वाटायची. मुलगी खिडकीशी स्टुलावर बसायची, मी मागे उभा राहायचो, आणि तिचं तोंड दुसरीकडे असल्यामुळे ती मोकळेपणाने वाटेल ते बोलायची. वर्गात कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या डब्यात काय होतं, आई नक्की कधी येणार. संध्याकाळी समोरासमोर बसलो की तिला यातलं काहीच सुचायचं नाही.

शाळेचा नियम कडक होता. मुलींचे केस खांद्याखाली गेले की तेल लावून दोन वेण्या, दुमडून काळ्या रिबिनीने बांधलेल्या. मुलांचे केस कानावर चिमटीत धरता येता कामा नयेत. मला वेणी घालायला कुणी शिकवलं नव्हतं, पण तीन पेड एकमेकांत घालणं मी लहानपणीच शिकलो होतो. माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला होते आणि बैलांची दावी घरी करायचे. अंबाडीचे तीन पेड घ्यायचे, एकावर एक टाकायचे आणि दर वेळी एक हिसका द्यायचा, म्हणजे दावं सैल पडत नाही. मी मुलीच्या केसांनाही तसाच हिसका देत होतो.

“बाबा, डोळे ओढले जातायत माझे.”

“घट्ट असली की सुटत नाही बाळा.”

“मी काय पळून जाणारेय?”

ती हसायची, मीही हसायचो, आणि पुढचा हिसका थोडा हलका द्यायचो. थोडाच. कारण वेणी सुटून बाईंनी तिला काही बोलावं, हे मला नको होतं. शाळेबद्दल माझ्या मनात जो धाक आणि जो आदर होता, तो आजूबाजूच्या पालकांमध्ये मला कधी दिसला नाही.

प्रवेशाच्या दिवशीच त्यावरून माझं हसं झालं होतं. मला शाळेत घातलं तेव्हा माझे वडील डोक्याचं मुंडासं काढून मास्तरांना म्हणाले होते, “मास्तर, हाडं आमचे अन् कातडं तुमचं. पोरगं शिकलं पायजे.” आमच्याकडे मूल शाळेत घालताना हे बोलायचंच असतं. ते बोललं नाही तर बापाने मूल मनापासून सोपवलं नाही, असा अर्थ होतो. मीही मुख्याध्यापिकांच्या खोलीत हात जोडून म्हणालो, “बाई, हाडं आमची आणि कातडं तुमचं.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “अहो, हाडं आणि कातडं दोन्ही तुमच्याकडेच ठेवा,” त्या म्हणाल्या. “डबा आणि हातरुमाल तेवढा न विसरता पाठवत जा.”

शेजारी उभे असलेले पालक हसले. मीही हसलो. पण घरी येताना वाटत राहिलं की जे द्यायला गेलो होतो ते इथे कुणाला नकोच होतं.

माझ्या शाळेबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी शाळा तालुक्याच्या गावी होती. आमच्या खेड्यातून, आणि खेड्यातही आमच्या वस्तीतून, आम्ही काही पोरं चालत जायचो. आमच्या वस्तीत बुद्धविहार होता, विहाराला लागून हातपंप होता आणि त्यापलीकडे गाव. गावचा न्हावी आमच्या डोक्याला हात लावत नसे. तालुक्याला सलून होतं, आरसे होते, फिरती खुर्ची होती. पण तो सलूनवाला आमच्या गावच्या न्हाव्याचा सख्खा भाऊ, आणि तो आम्हाला चेहऱ्याने ओळखायचा. आम्ही दारात गेलो की म्हणायचा, “आज गर्दी हाय.” खुर्ची रिकामी असायची. मग वडील घरीच कात्री चालवायचे. दाव्यांना सरावलेला त्यांचा हात कात्रीला सरावला नव्हता. डोक्यावर पायऱ्या पडायच्या आणि वर्गातली पोरं त्या मोजायची. म्हणून मी केस कापूनच घेईनासा झालो. कानावर आले, मानेवर आले.

शनिवारी तपासणी व्हायची. आम्हाला गणित शिकवणारे सर मुलांचे कानावरचे केस वर करून बघायचे. माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “सुटल्यावर थांब.” मी थांबलो. त्यांनी कारण विचारलं. मी खाली बघत सांगितलं. पुढच्या शनिवारी सर घरून कात्री, कंगवा आणि एक जुना टॉवेल घेऊन आले. सगळी शाळा फाटकातून बाहेर पडत होती तेव्हा त्यांनी व्हरांड्यात खुर्ची मांडली, मला बसवलं आणि माझे केस कापले. त्यांच्या बोटांना खडूचा वास होता. माझा कान त्यांनी अगदी जपून दुमडून धरला होता. घराबाहेरच्या कुणाचा हात माझ्या डोक्याला लागण्याची ती पहिली वेळ.

त्यानंतर दर महिन्याला वस्तीतली सगळी पोरं त्या खुर्चीवर बसू लागली. सर आमच्या समाजाचे नव्हते. गावातली काही माणसं त्यांना ‘न्हावी मास्तर’ म्हणून चिडवायची. एकदा मी ऐकलं, फाटकापाशी कुणीतरी ओरडलं, “काय मास्तर, दाढीपण करता का?” सर कात्री न थांबवता म्हणाले, “अजून मागच्या बाजूला हात बसला नाही. बसला की तुमच्याकडेच येतो.”

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या पदवीच्या मागे मला नेहमी तो व्हरांडा दिसतो. शिक्षकाने नियम लावला, डोक्याला हात घातला, म्हणजे त्याने आपल्याला आपलं मानलं, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं.

पावसाळा संपत आला होता. एके संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून तळमजल्यावरच्या काकूंकडे गेलो. दुपारी शाळा सुटल्यावर काकू इमारतीतली दोन-चार मुलं सांभाळायच्या, माझी मुलगी त्यांच्याकडेच असायची. काकूंनी दार उघडलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “बघा हो, मी वेण्या सोडायला गेले तर हात लावू देईना. बाबाला दाखवायचंय म्हणाली. दुपारपासून तशीच बसलीय.”

मुलगी पलंगाच्या कडेला ताठ बसली होती. तिच्या दोन्ही वेण्या सुतळीने बांधल्या होत्या. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे बांधतात ती सुतळी, तिची टोकं गालावर लोंबत होती. माझी घट्ट वेणी डोकं दुखवायची म्हणून ती शाळेच्या जिन्यात रोज थोडी सैल करून घ्यायची, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी ती सुटली. वर्गशिक्षिका बाईंनी तिला फळ्यापाशी उभं केलं, “तुझ्या घरी रिबीन बांधता येत नाही का कुणाला?” असं विचारलं, आणि सगळ्या वर्गासमोर सुतळी बांधली. मग शाळा सुटेपर्यंत तशीच ठेव म्हणून सांगितलं. मुलीने ती संध्याकाळपर्यंत ठेवली, कारण मला दाखवायची होती.

मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, “अरे वा, बाईंनी बांधून दिल्या?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच सुतळी सोडायला सुरुवात केली. गाठ सुटेना म्हणून काकूंनी कात्री आणली. मी जिना चढताना तिला समजावत होतो, बाई आपल्या चांगल्यासाठीच करतात, वेणी नीट ठेवली पाहिजे. ती माझ्या पुढे दोन पायऱ्या चालत होती.

त्याच आठवड्यात त्याच बाईंनी दोन मुलांचे पुढचे केस वर्गातच कापले. तेव्हा केसांना जेल लावून ते काट्यांसारखे उभे करायची टूम आली होती. बाईंनी कात्रीने मधलाच एक झुपका उडवला होता. पालक खवळले, आणि शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली गेली. शनिवारी काकू मुलं सांभाळत नसत आणि मुलीला एकटीला घरी कसं ठेवायचं, म्हणून मी तिला बरोबर नेलं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि तिने माझ्या घड्याळाचा पट्टा धरून ठेवला. काही नवीन जागी गेलो की तिची ती सवय होती.

व्यासपीठावर मुख्याध्यापिका आणि त्यांच्या बाजूला त्या बाई. खाली पालक. ज्यांच्या मुलाचा झुपका गेला होता त्या आई पहिल्या उठल्या.

“मी माझ्या मुलाला सलूनमध्ये नेते. तुमच्याकडे ही सोय आहे हे माहीत नव्हतं. नाहीतर माझ्या नवऱ्यालाही पाठवलं असतं.”

हॉल हसला. बाई म्हणाल्या, “चार वेळा वहीत लिहून पाठवलं होतं. सही आहे आपली.”

“सही केली म्हणजे कात्री लावायची परवानगी दिली?” मागून एक गृहस्थ बोलले. त्यांच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं, शनिवार असूनही.

“अहो, आमच्या वेळेला छडीशिवाय दिवस जात नसे,” एक आजोबा उभं राहून म्हणाले. ते नातवासाठी आले होते. “काही बिघडलं नाही आमचं.”

“ते आम्हाला ठरवू द्या ना आजोबा,” कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा.

बोलणं वाढत गेलं. बाईंना काढून टाका इथपर्यंत आलं. बाई टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होत्या. साधी सुती साडी, पदराला खडूचा पांढरा डाग. त्यांच्याकडे बघून मला राहवेना. एवढ्या माणसांसमोर एका शिक्षिकेला कुणीतरी असं बोलावं, हे मला सहन होईना. मी उभा राहिलो. पुण्यात आल्यापासून अशा सभेत मी कधी बोललो नव्हतो.

“मी लहान गावातून आलोय,” मी म्हणालो. “आमचे सर स्वतः आमचे केस कापायचे. शाळेत, व्हरांड्यात, सगळ्यांसमोर.”

आणि तिथे मी थांबलो. पुढचं वाक्य तयार होतं. गावचा न्हावी आमच्या डोक्याला हात लावत नसे म्हणून. एवढंच म्हणायचं होतं. पण हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे वळलेली होती. इमारतीतले दोघं-तिघं होते, घरमालकांची सून होती. त्या दोन खोल्या मला कशा मिळाल्या होत्या आणि आडनावावरून किती घरमालकांनी आधी ‘कळवतो’ म्हटलं होतं, ते मला आठवलं. ते वाक्य मी गिळलं आणि त्याऐवजी म्हणालो, “त्या सरांमुळे मी आज इथे आहे. मी त्यांचे उपकार विसरू शकत नाही.”

आजोबांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. “ऐका,” त्या म्हणाल्या, “हे आयटीतलेच पालक आहेत. यांच्याच मुलीची वेणी परवा मी बांधून दिली. यांची काही तक्रार नाही.”

ओळखपत्रवाले गृहस्थ म्हणाले, “म्हणूनच साहेब, तुम्ही मॅनेजरला कधी नाही म्हणत नसाल.”

मोठा हशा झाला. मी खाली बसलो तेव्हा घड्याळाचा पट्टा मोकळा होता. मुलीने दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली घेतले होते.

सभा कशीबशी संपली. बाईंना समज देण्यात आली, पालकांना नियमांची पुन्हा आठवण करून देण्यात आली. बाहेर पडताना आजोबांनी माझा खांदा थोपटला. बाकीचे माझ्या बाजूने निघून गेले, पाण्याने दगडाला वळसा घालावा तसे. मला वाटत होतं, मी माझ्या सरांबद्दल बोललो. आणि हेही कळत होतं की सर त्या हॉलमध्ये आलेच नव्हते.

सोमवारी सकाळी मी तेलाची बाटली शोधत होतो. सापडेना. कंगवाही नव्हता, रिबिनीही नव्हत्या. मुलगी दप्तर घेऊन दारात उभी होती.

“मी खाली जातेय. काकू घालणारेत वेण्या.”

“का गं? मी घालतो ना.”

“नको.”

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला समजूत घालता आली असती. ती जिना उतरून गेली आणि मी त्या स्टुलाकडे बघत उभा राहिलो. काकूंच्या वेण्या सैल, हलक्या असायच्या आणि दिवसभरात एकदाही सुटायच्या नाहीत. संध्याकाळी ती गृहपाठ करायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. माझा दिवस आता पहिल्या इंग्रजी वाक्याने सुरू व्हायचा आणि शेवटच्या इंग्रजी वाक्याने संपायचा. बसच्या खिडकीतून मी युनिव्हर्सिटीचा चौक येईपर्यंत बाहेर बघत राहायचो आणि काय बघितलं ते आठवायचं नाही.

रविवारी दुपारी बायकोचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून ती शाळेच्या गच्चीवर जाऊन बोलायची, मागे वाऱ्याचा आवाज यायचा. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती तरी शिक्षकांची बाजू घेईल.

“मी माझ्या वर्गात कुणाच्या डोक्याला हात लावत नाही,” ती म्हणाली. “उवा झाल्या तरी आधी पोरीला बाजूला घेऊन विचारते.”

“पण आमच्या सरांनी...”

“तुमच्या सरांनी काय केलं ते मला पाठ आहे. एक सांगा, पहिल्या दिवशी कात्री घेतली हातात तेव्हा ते काय बोलले?”

मी आठवायचा प्रयत्न केला. खुर्ची आठवत होती, टॉवेल आठवत होता. आणि मग तेही आठवलं. सर खुर्चीच्या मागे उभे नव्हते राहिले. आधी समोर येऊन उकिडवे बसले होते, माझ्या डोळ्यांच्या उंचीला, आणि म्हणाले होते, “कापू का रे? चालेल तुला? नको असेल तर नको.” मी मान हलवली होती. मगच ते उठून मागे गेले होते.

“विचारलं होतं,” मी म्हणालो.

“हं,” बायको म्हणाली. “पोरीला फोन द्या.”

त्या संध्याकाळी मी मुलीला घेऊन मंडईत भाजी घ्यायला गेलो. परत येताना, हातात मेथीच्या जुड्या असताना, चालता चालता तिला सगळं सांगितलं. वस्ती, हातपंप, न्हावी, सलूनची रिकामी खुर्ची, माझ्या डोक्यावरच्या पायऱ्या, आणि सर. मी तिला यातलं काहीच आजवर सांगितलं नव्हतं. पुण्यात वाढणाऱ्या मुलीला ते कळायची गरज पडू नये, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

“पण ते हात का नाही लावायचे?”

“आपण त्यांच्यापेक्षा खालचे आहोत असं त्यांना वाटायचं.”

“आपण म्हणजे मीपण?”

“त्यांच्या मते, हो.”

“आणि आईपण? आई तर बाई आहे शाळेत.”

“आईपण.”

एका स्कूटरला वाट द्यायला आम्ही कडेला झालो.

“मग हे तू हॉलमध्ये का नाही सांगितलंस?”

“तिथे सगळे होते ना.”

“मीपण होते,” ती म्हणाली.

मंगळवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि मधल्या सुट्टीत बाईंना भेटायला गेलो. त्या शिक्षकखोलीत वह्या तपासत होत्या. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. सभेतल्या बोलण्याबद्दल आभार मानायला लागल्या, तेव्हा मी म्हणालो, “बाई, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. आमच्या गावात आमच्या समाजाच्या मुलांचे केस कुणी कापत नव्हतं, म्हणून सर कापायचे. आणि कापण्याआधी विचारायचे. तुम्ही माझ्या मुलीला विचारलं नाहीत. तिला सुतळी बांधून वर्गासमोर उभं केलंत. ते मला मान्य नाही. सभेतच म्हणायला हवं होतं.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “असं अजून असतं का हो तिकडे?” त्यांनी विचारलं.

‘तिकडे’ या शब्दावर मला पुष्कळ बोलता आलं असतं. मी म्हणालो, “मी माझ्या मुलीबद्दल बोलायला आलोय.”

“वर्गात साठ मुलं आहेत माझ्या,” त्या म्हणाल्या. आवाजात चीड नव्हती, थकवा होता. “कुणाचे केस डोळ्यांत, कुणाच्या उवा. मी सांगून सांगून... बरं. हात नाही लावणार मी तिला. पण वेणी सुटली तर काय करायचं, ते तुम्ही सांगा.”

“तिला सांगा. तिची ती बांधेल. नाही जमलं तर मला फोन करा, मी येईन.”

“हिंजवडीहून?”

“हो.”

त्या किंचित हसल्या. कुचेष्टा होती की नाही ते मला कळलं नाही. घंटा झाली आणि त्या वह्यांचा गठ्ठा उचलून वर्गावर गेल्या.

घरी मुलीला एवढंच सांगितलं की बाईंशी बोललो, त्या पुन्हा असं करणार नाहीत. तिने विचारलं, “सगळं सांगितलंस?” मी हो म्हणालो. तिने मान हलवली आणि वहीत परत डोकं घातलं. वेण्या ती काकूंकडेच घालून घेत राहिली, आणि दिवाळीनंतर स्वतःच्या स्वतः घालायला शिकली. स्टूल मी खिडकीपासून हलवलं नाही, पण त्यावर नंतर वर्तमानपत्रं साठत गेली.

मात्र बाईंना भेटून आलो त्याच्या पुढच्याच रविवारी मी केस कापायला निघालो तेव्हा तिने चपला घातल्या. आधी कधी ती माझ्याबरोबर सलूनमध्ये आली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी असलेलं ते छोटं सलून, तिथे मी पुण्यात आल्यापासून जात होतो. ती बाकावर बसली. मासिकं होती, त्यांना हात लावला नाही. आरशात मला ती दिसत होती. तिची नजर न्हाव्याच्या बोटांवर होती.

त्याने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री दोनदा हवेत चालवली आणि सहज विचारलं, “साहेब, इतकी वर्षं येता, गाव कुठलं तुमचं? इकडचे वाटत नाही बोलण्यावरून.”

या प्रश्नाला मी नेहमी ‘विदर्भातलं’ एवढंच म्हणायचो. त्या दिवशी मी तालुका सांगितला, गाव सांगितलं. त्याने “अच्छा, अच्छा” म्हटलं. बहुधा त्याला ते गाव माहीतही नव्हतं. पण आरशात मला दिसलं, मुलगी बाकावरून उतरली होती. ती येऊन माझ्या खुर्चीला अगदी लागून उभी राहिली आणि तिने खुर्चीचा हात पकडला.

“बाळ, जरा लांब हो,” न्हावी म्हणाला. “केस उडतील तुझ्या अंगावर.”

“उडू देत,” ती म्हणाली.